झाकण उघडू नका

सोमवार, ४ मार्च

ठिणगीस,

हे नाव मी उचललेलं आहे. तुझे बाबा तुझं कागदावरचं नाव कधी घेत नाहीत, ठिणगीच म्हणतात. तेही क्वचित, आणि खिडकीकडे बघत.

मी त्यांची बायको. दुसरी. पडदे शिवते. माझं अक्षर तू कधी पाहिलेलं नाहीस, मलाही पाहिलेलं नाहीस, त्यामुळे पाकीट उघडून आधी खाली सही बघितली असशील. पत्ता तुझ्या आत्याकडून काढला. सहजासहजी दिला नाही त्यांनी. फोन तू दोनदा उचललास आणि मी कोण ते ऐकताच ठेवून दिलास, म्हणून हे पत्र. तुझ्या त्या बेटावर बोट आठवड्यातून एकदाच जाते म्हणे, तेव्हा रागवायला तुला भरपूर वेळ आहे. तुला ‘तू’ म्हणतेय. आवडलं नाही तर कळव, ‘तुम्ही’ म्हणेन.

बाबा बरे आहेत. हे आधी वाच आणि मग पुढचं.

जानेवारीत लिफ्ट दुरुस्त करताना तिच्या खड्ड्यात घसरले. जन्मभर त्या खड्ड्यांत उतरलेला माणूस, आणि तेलावरून पाय सटकला. हनुवटी लोखंडी पट्टीवर आपटली. जबडा दोन ठिकाणी मोडला. तारांनी बांधून ठेवला होता, दातांच्या फटीतून नळीने पातळ काहीबाही प्यायचे. आता तारा काढल्या आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मऊ खायला द्या, भरपूर द्या.

देतेय ना. खिमट देते, अंडं देते, उकडलेला बटाटा लोण्यात कालवून देते. हे एक घास घेतात, तोंडात फिरवतात आणि ताट सरकवतात. परवा मी जरा चढ्या आवाजात विचारलं, “मग हवंय तरी काय तुम्हाला?” जबडा धड हलत नाही, त्यामुळे शब्द चेचल्यासारखा बाहेर येतो. म्हणाले, “स्टेक.”

मी म्हटलं, “दात लागत नाहीत आणि स्टेक?”

“स्विस स्टेक. तो चावावा लागत नाही.”

बास, एवढंच. मी समजले. हे तुझ्या आईच्या हातचं असणार. मी कधी केलं नाही, माझ्या माहेरी कुणी केलं नाही. खाटकाला विचारलं तर तो म्हणाला मांडीचा तुकडा न्या, शिजवा. शिजवला. चपलेचा तळ परवडला.

तुला आईने शिकवलं असेल. कसं करायची ते चार ओळींत कळव. माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस, फक्त कृती लिही.

तुझ्या बाबांना हे पत्र माहीत नाही.

— तुझ्या बाबांची बायको


सोमवार, १८ मार्च

ठिणगीस,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टमन जिन्यातच भेटला, तिथेच पायरीवर बसून वाचलं. वाचायला कितीसा वेळ लागणार! “झाकण उघडू नका.” ना मायना, ना सही. उलटून बघितलं, मागे तुमच्या हवामान केंद्राचा शिक्का. मला आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग मी चरकले. तुला कसं कळलं मी झाकण उघडते ते?

उघडतेच मी. माझ्याच्याने राहवत नाही. भांडं मंद आचेवर ठेवलं की मी बाहेरच्या खोलीत शिलाईला बसते, दोन टाके घालते, की उठून आत. बघू तरी काय झालंय. वाफ भसकन तोंडावर येते, मांस तिथेच बसलेलं असतं, मी टोचून बघते, पाणी घालते, झाकण ठेवते, परत येते, सुई हरवलेली असते. दवाखान्यातून आल्यापासून माझं असंच झालंय. काल एका गिऱ्हाइकाचा पडदा मी दोन्ही बाजूंनी दुमडून शिवला. खिडक्या पुसल्या, पुन्हा पुसल्या. तुझी आत्या म्हणाली, “वहिनी, तू बस गं जरा, तुला बघून मला धाप लागते.”

असो. शनिवारी पुन्हा केलं. मनावर दगड ठेवून झाकण थोडं कमी उघडलं. यांनी एक तुकडा तोंडात घातला. मी समोर बसले होते. गालात धरून ठेवला, धरूनच ठेवला. मग म्हणाले, “जरा खिडकी उघड, कोंदट होतंय.” मी खिडकीकडे वळले. काचेत दिसलं, हे रुमाल खिशात घालत होते. धुवायला टाकलेल्या विजारीत रुमाल सापडला, त्यात तो तुकडा. मी तो धुऊन वाळत घातला. त्यांना वाटतंय मी फसले.

मागच्या पत्रात बाबा बरे आहेत असं लिहिलं होतं. ते पूर्ण खरं नव्हतं. डावीकडचं हाड वाकडं जुळलंय. ते पुन्हा मोडून बसवावं लागणार. उशीर झाला तर कायमचं तसंच राहील, पुढे तोंडही नीट उघडणार नाही. आणि डॉक्टरीणबाई म्हणतात, हे वजन असताना मी यांना भूल देणार नाही, आधी माणूस भरू दे. काटा मात्र खालीच चाललाय. पट्ट्याला मी नवीन भोक पाडलं. सदरा अंगावर असा लोंबतो की मापं घेणारे माझे हात शिवशिवतात.

यांना विचारलं तर म्हणतात, “नाही केलं ऑपरेशन तर काय बिघडतं? बोलायचं कुणाशी आहे?”

माझ्याशी, असं म्हणायला हवं होतं मी. मी भांडी घासायला गेले.

जास्त लिही. जाडी किती, मैदा लावायचा का, टोमॅटो कधी. तुझी हवा-पावसाची आकडेमोड चुकली तर दुसऱ्या दिवशी सुधारता येते. इथे तसं नाही.

— पडदेवाली


गुरुवार, २८ मार्च

ठिणगीस,

तुझं दुसरं कार्ड आलं. या वेळी दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. तुकडा अंगठ्याएवढा जाड. मैदा, मीठ, मिरी लावून बशीच्या काठाने ठोकायचा, उलटा-सुलटा, मैदा आत मुरेपर्यंत. चरबीत दोन्हीकडून चांगला तांबूस करायचा, घाई नाही. मग कांदा, मग टोमॅटो, तुकडा अर्धाच बुडेल एवढा रस्सा. घट्ट झाकण, मंद आच, आणि आपण दुसऱ्या खोलीत. शेवटी लिहिलंस, “चमच्याने तुटलं पाहिजे. सुरी लागली तर फसलं.” हे वाचून मला वाटलं, इतकं बारीक सांगणारी मुलगी अगदीच नातं तोडून बसलेली नाही.

तसंच केलं, अक्षरशः तसंच. शेजारीण वर आली विचारायला, की कसली ठोकाठोकी चाललीय, घर पाडताय की काय. झाकण लावलं आणि मी चक्क घराबाहेर पडले. बाजाराला दोन फेऱ्या मारल्या, काही घेतलं नाही.

परत आले तर घरभर वास. यांचं पेपर वाचणं थांबलेलं. मला वाटलं, जमलं. वाढलं. चमच्याने तुटलं गं! अगदी लोण्यासारखं नाही, पण तुटलं. यांनी एक घास खाल्ला. गिळला. दुसरा घेतला, आणि चमचा खाली ठेवला.

“हे तसं नाही,” म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. इतक्या वर्षांत मी तुझ्या आईचं नाव भांडणात कधी घेतलं नव्हतं. म्हटलं, “तसं हवं असेल तर जिच्या हातचं हवंय तिला बोलवा! मी काही ती नाही, आणि व्हायचंही नाही मला!”

यांनी माझ्याकडे बघितलं. कसं, ते सांगता येत नाही. चिडून नाही. मी काहीतरी भलतंच बोलले आणि ते दुरुस्त करायचं त्यांच्या जिवावर आलंय, असं. मग हल्ली लागते ती काठी घेतली आणि बाहेर पडले.

पहिला तासभर मी रागातच होते. नंतर शोधायला निघाले. दवाखाना, बाग, वाचनालय, न्हाव्याचं दुकान. तुझ्या आत्याकडे नव्हते. शेवटी आमच्या गल्लीच्या टोकाच्या उंच इमारतीत सापडले, तळमजल्यावर, पहारेकऱ्याच्या खुर्चीत. लिफ्टच्या दाराकडे तोंड करून. पहारेकरी उभा आणि हे बसलेले.

“काय करताय इथे?”

“ऐकतोय,” म्हणाले. “वरचं चाक घासतंय. कुणाला ऐकू येत नाही.”

मी त्यांच्याबरोबर ऐकत उभी राहिले. मला काही ऐकू आलं नाही. घरी येताना त्यांनी माझा दंड धरला होता. हाताला वजनच नव्हतं.

तुझ्याकडे आता कृती मागत नाही. तुझ्या आईच्या हातात काय होतं ते सांग. काहीतरी असेल जे तू लिहायला विसरलीस, किंवा मला द्यायचं नाहीये. नसेल द्यायचं तर तसं लिही. पण माणूस झिजतोय.


सोमवार, ८ एप्रिल

ठिणगीस,

तुझं पत्र परवा हातात पडलं. पत्र! चार पानं! मी ते तीनदा वाचलं, आणि तिसऱ्यांदा उभ्याने.

तुझ्या आईने स्विस स्टेक कधीच केला नाही. तिला मांस भाजल्याचा वाससुद्धा सहन व्हायचा नाही, ती त्या वेळी गच्चीवर जाऊन बसायची. करायचे ते बाबा. सुट्टीच्या दिवशी, मळक्या सदऱ्यावर तिचा एप्रन बांधून. आणि झाकण उघडायला तू जायचीस, म्हणून ते तुला ओरडायचे, “झाकण उघडू नका, बाईसाहेब!”

आणि मी! इतकी वर्षं यांच्या घरात आहे, आणि या माणसाला चहापलीकडे काही करता येतं हे मला माहीत नव्हतं. लग्न झालं तेव्हा स्वयंपाकघर त्यांनी असं माझ्या ताब्यात दिलं जसं काही त्यांना तिथला दिवासुद्धा लावता येत नाही.

तू निघून गेलीस त्या दुपारचं तू लिहिलंयस. मी माझ्या शब्दांत पुन्हा सांगते, चुकलं तर सांग, कारण यांच्याकडून मी वेगळंच ऐकलं होतं, म्हणजे काहीच ऐकलं नव्हतं. त्यांनी स्टेक केला होता, दोघांची ताटं वाढली होती आणि पहिल्या घासाआधी सांगितलं, मी लग्न करतोय. आईला जाऊन वर्षही झालं नव्हतं. तू उठलीस. ते म्हणाले, जेवण टाकून उठणाऱ्याने परत या दाराशी येऊ नये. तू गेलीस.

मी त्या दुपारी कुठे होते ठाऊक आहे? माझ्या खोलीवर. नवी साडी नेसून वाट बघत होते. ते मला न्यायला येणार होते, तुझ्याशी भेट घालून द्यायला. आले ते अंधार पडता पडता. म्हणाले, “तिला बेटावर नोकरी लागली, घाईने जावं लागलं.” मी विश्वास ठेवला.

आता आजचं ऐक.

सकाळी खाटकाकडे जाऊन तुकडा आणला. ओट्यावर पाट मांडला, मैदा, मिरी, जाड बशी. आणि यांना हाक मारली. आले, बघितलं, दारातच थांबले.

“करा,” मी म्हटलं.

“काय?”

“मुलीचं पत्र आलंय. मला सगळं कळलंय. करा.”

खुर्ची ओढून बसले. मला वाटलं, आता ताडकन उठून जातील. पण विचारलं, “काय लिहिलंय?”

“जे तुम्ही लिहायला हवं होतं ते.”

“ती बरी आहे?”

“विचारा की तिलाच.”

नळ गळत होता तो मी घट्ट केला. पाट पुसलेला होता, तोच पुन्हा पुसला. म्हणाले, “तू आधी हलायची थांब.” मी थांबले.

“मला का नाही सांगितलंत?” मी विचारलं. “इतक्या वर्षांत एकदा तरी?”

“सांगितलं असतं तर करायला लावलं असतंस.”

“मग?”

“केलं असतं तर तुझं आणि माझं, अशी दोनच ताटं वाढावी लागली असती.” जबड्यामुळे ‘ताटं’ नीट म्हणता आलं नाही, दोनदा म्हणावं लागलं.

ठिणगी, मी नवऱ्याला कधी रडताना पाहिलं नाही, आजही नाही. ते उठले, बशी उचलली आणि मांस ठोकायला लागले. काय ठोकलं! खालची शेजारीण या वेळी वर आलीच नाही, घाबरली असेल. हातात जोर नाही, मध्ये मध्ये थांबून ओट्याला टेकायचे, पण मला हात लावू देईनात. “एवढा मैदा नको. झटक तो. कांदा उभा चिरतात का याला?” मी सगळं चुकीचं करत होते म्हणे. चरबी तापल्यावर तुकडा सोडला आणि कान देऊन ऐकत उभे राहिले, त्या लिफ्टपाशी बसले होते तसे. आवाज बदलला तसा उलटला. हे तू तुझ्या कार्डात लिहिलं नव्हतंस, बहुतेक तुलाही माहीत नसेल. ते बघत नाहीत, ऐकतात.

झाकण लावलं आणि मला म्हणाले, “आता बाहेर.”

“मी नाही उघडणार.”

“बाहेर.”

मी बाहेरच्या खोलीत बसले, हातात एका शाळेचा पडदा. आत ते, बाहेर मी, मध्ये दार. मला किती वेळा उठावंसं वाटलं ते विचारू नकोस. एकदा उठलेच. दाराच्या फटीतून बघितलं, तर हे शेगडीसमोर खुर्ची टाकून तुझं पत्र वाचत होते. ओट्यावर राहिलं होतं ते. एक बोट ओळीखालून सरकत होतं, हळूहळू. मी परत येऊन बसले.

जेवले. पूर्ण तुकडा नाही, पण अर्ध्याहून जास्त, आणि रश्शात पाव बुडवून तोही. चमचा नुसता टेकवला तर सुटत होतं. मीही खाल्लं. खरं सांगू? यांचंच बरोबर होतं, माझं तसं नव्हतं.

पावाने रस्सा पुसून झाल्यावर म्हणाले, “मीठ जरा कमी पडलं.” मी हात जोडले.


मंगळवार, २३ एप्रिल

ठिणगी,

हे मी धक्क्यावर बसून लिहितेय, मांडीवर पिशवी ठेवून, म्हणून अक्षर असं. तुझी बोट यायची आहे. मी फार लवकर आले. घरात माझी अडचण होत होती. स्वयंपाकघरात तुझे बाबा आहेत आणि तुझी आत्या आहे, आणि दोघांत कांद्यावरून जुंपलीय.

गेल्या आठवड्यात तू फोन केलास तेव्हा मी मुद्दाम उचलला नाही. वाजत राहिला. हे ओरडले, “अगं, घे की!” मी म्हटलं, माझे हात मैद्याचे आहेत. नव्हते. त्यांनी घेतला. मी दाराआड होते. इकडून फक्त “हं” ऐकू आलं, पुन्हा “हं”, मग “बोट किती वाजता लागते?” फोन ठेवून मला म्हणाले, “ती येतेय,” जसं काही तू कोपऱ्यावर दूध आणायला गेली होतीस.

वजन भरलं. डॉक्टरीणबाईंनी काटा दोनदा तपासला, म्हणाल्या, काय खायला घातलंत? हे म्हणाले, “मी घातलं.” उद्या सकाळी ऑपरेशन आहे. साधं आहे म्हणतात, मोडायचं आणि नीट बसवायचं. माणसं ‘साधं’ हा शब्द दुसऱ्याच्या हाडांबद्दल किती सहज वापरतात.

आज त्यांचं बोलणं मी मुद्दाम लक्ष देऊन ऐकते आहे. उद्यापासून पुन्हा तारा, पुन्हा बरेच दिवस गप्प. तुला आजचीच संध्याकाळ आहे. त्यांनाही ते ठाऊक आहे. सकाळपासून काहीतरी पुटपुटत पाठ करतायत. मी जवळ गेले की थांबतात.

हे पत्र तुला भेटल्यावर हातात देणार नाही. माझ्याच्याने समोरासमोर बोलवत नाही, शिवाय तू कशी असशील, माझ्याकडे बघशील की नाही, मला काही माहीत नाही. मी हिरव्या साडीत आहे. तुझा फोटो आत्याने दाखवलाय, तेव्हा ओळखायचं काम माझं. पत्र इथल्या पेटीत टाकते. ज्या बोटीने तू येतेयस तीच ते घेऊन बेटावर जाईल, आणि तू परतशील तेव्हा तुझ्या दाराखाली पडलेलं असेल.

म्हणजे हे वाचताना तुला सगळं माहीत असणार. आपण दोघी धक्क्यावर काय बोललो, की नुसत्याच चालत राहिलो. बाबांनी दार उघडल्यावर काय म्हटलं. तू ताटावर बसलीस का, आणि उठलीस ती जेवून उठलीस का. ऑपरेशन कसं झालं. मला यातलं काहीच माहीत नाही. मला फक्त एवढं दिसतंय की लांब पाण्यावर एक ठिपका आहे, आणि आजूबाजूची माणसं सामान उचलायला लागली आहेत.

मी उठते. पदर नीट करते.